रुमालाखालचा भाव

हल, एकोणऐंशीचा जानेवारी. लॉरीवाल्यांचा संप.
नऊ महिन्यांची नेमणूक, जिन्याखालची खोली,
दारावरच्या पाटीत एक एच गळालेला,
घुटुकडेचं गुटुकडे.
सांगितलं, तर म्हणाले, नऊच महिने तर आहेत.

प्रोफेसर हॅल्डनबींनी अख्खा देश
दोनशे चौदा समीकरणांत बसवला होता.
भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे मी बांधायचे,
ते यंत्रात गेले की दुसऱ्या टोकाने
ब्रिटन बाहेर यायचं,
घड्या पडलेल्या लांबलचक कागदावर.

व्हिएन्नाची जुनी मंडळी तळघरात ठेवली होती,
शेवटच्या फडताळात. तिथला दिवा
दर चार मिनिटांनी आपोआप विझायचा.
उठायचं, बटण दाबायचं, ओळ पुन्हा शोधायची.
ते म्हणत होते, मोल वस्तूत नसतं,
गाळलेल्या घामातही नसतं,
ते घेणाऱ्याच्या मनात असतं.
मला हसू आलं. माझ्याकडे शब्द होता आधीपासून:
भाव.
मनातला तोच, तराजूपुढचाही तोच.
हॅल्डनबींना समजावून सांगितलं.
म्हणाले, "छान. पण मोजायचं कशात?"

म्हणून एका पहाटे गोदीवर गेले, लिलावाला.
ॲल्युमिनियमच्या पिंपांत हॅडक, कॉड,
बर्फाचं पाणी बुटांत.
एकाला उत्तरेकडच्या वादळाची खबर होती,
एकाला लीड्सच्या तळणवाल्यांची,
एकाला एवढंच ठाऊक, की आपली लॉरी
अडकलीय कुठल्यातरी फाटकाशी.
सगळं कुणालाच माहीत नव्हतं.
आणि हॅडकचा भाव मात्र
सगळ्यांचं ऐकून आल्यासारखा
गुपचूप खाली उतरला.

तिथे मला आबा आठवले.
सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात दलाल.
हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं,
तोंडाने भलतंच, पावसापाण्याचं.
शाळेच्या फॉर्मवर मी 'शेती' लिहायचे.
आता व्हिएन्ना सांगत होती, मधला माणूस
फुकटखाऊ नसतो, तो खबर वाहतो.
इतक्या लांब येऊन
मला बापाची लाज वाटायची थांबली.

घरमालकिणीचा भाऊ लेन कॉकवेल.
एकतीस हिवाळे आइसलंडच्या पाण्यात.
मग ते पाणी बंद झालं, बोटी भंगारात गेल्या,
आणि कागदोपत्री हा 'तात्पुरता' निघाला,
म्हणून भरपाई शून्य.
स्वयंपाकघरात जाळं विणत बसायचा,
कुठल्याच बोटीचं नसलेलं.
"तुझ्या व्हिएन्नावाल्यांना विचार," म्हणाला,
"माझा आज काय भाव?"
मी सुरुवात केली, की किंमत म्हणजे संकेत,
माणसं नव्या कामाकडे वळावीत म्हणून...
त्याने सुई दातांत धरली, गाठ आवळली.
माझा चहा गार झाला.

आबांना लिहिलं: कुठल्या बोटाचे किती, कळवा.
तीन आठवड्यांनी निळं अंतर्देशीय आलं.
बोटांचा हिशेब दोन ओळींत. खाली:
"रुमाल कशाला, ते तू विचारलं नाहीस.
नडीपायी बैल विकणाऱ्याचा पडता भाव
चारचौघांत ओरडू नये. म्हणून रुमाल.
दलालाने एवढं तरी झाकावं."

मेमध्ये पहिला निबंध पाठवला.
भाव म्हणजे विखुरलेलं ज्ञान, हॅडकच्या तक्त्यासकट.
आबांचा रुमाल मी तळटीपेत घातला,
सतराव्या. त्याच टीपेत लेनही होता, नावाशिवाय.
संपादकांनी कळवलं: निबंध उत्तम.
सतरावी टीप असंबद्ध, गाळावी.

गाळली.

सप्टेंबरात नेमणूक तीन वर्षांची झाली.
खोलीला खिडकी मिळाली, नदी दिसणारी.
नवी पाटी लागली दारावर,
एच सकट.